गिलाव्याखालचं चित्र

ओसाड बंगल्यातल्या एका खोलीत एक माणूस भिंत खरवडतो आहे. गिलाव्याचे पापुद्रे पडतायत, धूळ उडतेय, आणि खालून हळूहळू एक चित्र वर येतंय. लहान मुलाने काढलेलं, ओबडधोबड. पण त्यात जे काढलंय ते कुठल्याही लहान मुलाने पाहू नये असं आहे. माणूस मागे सरून बघतो, दचकतो, आपल्याला सगळं कळलं असं समजून निघून जातो. खोली रिकामी होते. कॅमेरा मात्र तिथेच थांबलेला असतो. आणि मग, कोणी हात न लावता, गिलाव्याचा आणखी एक तुकडा सुटून खाली पडतो. चित्रात आणखी कोणीतरी आहे. ते आपल्याला दिसतं, त्याला नाही.

दारिओ आर्जेन्तोच्या 'प्रोफोंदो रोस्सो' या इटालियन चित्रपटातला हा प्रसंग. इंग्रजीत तो 'डीप रेड' म्हणून ओळखला जातो. इटलीत तो मार्च १९७५ मध्ये प्रदर्शित झाला. मी तो पहिल्यांदा २००४ साली पुण्यात हॉस्टेलच्या खोलीत पाहिला आणि पुढची सतरा-अठरा वर्षं 'मी हा सिनेमा पाहिलाय' असं लोकांना सांगत राहिले. आता वाटतं, मीही त्या माणसासारखी अर्धं चित्र बघून खोलीबाहेर पडले होते.

तेव्हाची प्रत म्हणजे दोन व्हीसीडी. कोणीतरी कुठूनतरी उतरवून घेतलेल्या, पाकिटावर बॉलपेनने नुसतं 'इटालियन हॉरर' लिहिलेलं. आम्ही पाच मुली एका कॉम्प्युटरच्या चौदा इंची पडद्यासमोर दाटीवाटीने बसलो होतो. चित्र दोन्ही बाजूंनी कापलेलं होतं. दोन माणसं बोलत असली की एकाचं नाक आणि दुसऱ्याचा कान दिसायचा. रात्रीचे प्रसंग म्हणजे काळ्यात काळं. आणि ज्या रंगाचं नाव सिनेमाला दिलंय तो लाल, पानाची पिंक भिंतीवर वाळून तपकिरी होते ना, तसा. पहिली सीडी एका वाक्याच्या मधोमध संपली, दुसरी घालेपर्यंत कोणीतरी चहा करून आणला. सिनेमा संपला तेव्हा आम्हाला खुनी कोण ते कळलं होतं, दोन रात्री एकटीने बाथरूमला जायची भीती वाटली, आणि एक धून डोक्यात अडकून बसली. बस, एवढंच. खून चांगले आहेत, मधलं तुटक आहे, असं माझं मत झालं आणि ते मी बरीच वर्षं सांभाळलं.

तुटक होतं ते खरंच. पण ते का तुटक होतं, हे कळायला मला नवी डिस्क हातात यावी लागली. मूळ इटालियन चित्रपट १२७ मिनिटांचा आहे. परदेशात विकायला म्हणून त्याची १०५ मिनिटांची इंग्रजी आवृत्ती केली गेली. बावीस मिनिटं काढून टाकली. अमेरिकेत तर तो त्याहून छोटा करून, नाव बदलूनही दाखवला गेला. आमच्या त्या दोन व्हीसीडींत ही कापलेली आवृत्तीच होती.

आर्जेन्तो आधी रोममधल्या 'पाएझे सेरा' या वर्तमानपत्रात चित्रपट समीक्षा लिहायचा. दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' या वेस्टर्नपटाच्या कथेवर लिओने आणि बेर्तोलुच्चीबरोबर तिसरा हात त्याचा होता. १९७० साली त्याने पहिला चित्रपट केला आणि दोन वर्षांत लागोपाठ तीन रहस्यपट दिले. तिघांच्याही नावात कुठला ना कुठला प्राणी किंवा कीटक: पक्षी, मांजर, माशा. मग रहस्यपट पुरे म्हणून त्याने एक ऐतिहासिक चित्रपट केला, तो चालला नाही, आणि तो पुन्हा खुनाकडे वळला. या वेळी पटकथेला सोबत घेतला बेर्नार्दिनो झाप्पोनी, म्हणजे फेलिनी या नामवंत इटालियन दिग्दर्शकाचा लेखक. ही जोडी मला फार महत्त्वाची वाटते. या चित्रपटात भीतीच्या शेजारी जो चावटपणा, जी माणसांची विक्षिप्त वर्दळ आहे, ती या जोडीमुळे आली असणार.

इटलीत या प्रकाराला 'जाल्लो' म्हणतात. जाल्लो म्हणजे पिवळा. मोन्दादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ पासून रहस्यकथांची पुस्तकं पिवळ्या वेष्टनात काढायला सुरुवात केली, आणि पुढे रंगाचं नावच त्या कथाप्रकाराला चिकटलं. आपल्याकडे 'पिवळं पुस्तक' म्हटलं की अर्थ वेगळा होतो, आपल्या रहस्यकथांना असा एकच रंग कधी मिळाला नाही. पण वस्तू ओळखीची आहे. माझ्या आत्याच्या मिरजेच्या घरात माळ्यावर अशा रहस्यकथांचा ट्रंकभर साठा होता, चौकातल्या लायब्ररीने बंद होताना वजनावर विकलेला. आत्या शाळेत संगीत शिकवायची, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारभर त्या ट्रंकेशेजारी पडून असायची. पान पन्नासच्या आत खुनी ओळखायची. ओळखला की पुस्तक मिटत नसे, शेवटपर्यंत वाचायची. तिचं म्हणणं, खुनी ओळखल्यावरच खरं वाचता येतं, तोवर आपण नुसते धावत असतो.

तर गोष्ट अशी. मार्कस डेली नावाचा इंग्रज पियानोवादक इटलीत संगीत शिकवतो. एका रात्री तो चौकात आपल्या दारुड्या मित्राशी, कार्लोशी, बोलत उभा आहे. वरच्या खिडकीत त्याला एका बाईचा खून होताना दिसतो. तो धावत वर जातो. लांब, अरुंद कॉरिडॉर, दोन्ही भिंतींवर चित्रं, चेहरेच चेहरे. तो त्यातून पळत बाईपर्यंत पोहोचतो. उशीर झालेला असतो. पोलीस येतात, आणि त्या गडबडीत मार्कसच्या मनात एक कुसळ रुततं: आत शिरताना त्या भिंतीवर काहीतरी पाहिलं होतं, ते आता तिथे नाही. एखादं चित्र कोणी काढून नेलं का? नेलं तर का? पुढचा सगळा सिनेमा म्हणजे हा माणूस स्वतःच्या आठवणीतलं ते चित्र शोधत फिरतो. त्याला पुरावा शोधायचाच नाहीये, कारण पुरावा त्याने पाहिलेला आहे. त्याला फक्त तो आठवायचाय.

मार्कसच्या भूमिकेत डेव्हिड हेमिंग्ज आहे. आंतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाच्या १९६६ च्या 'ब्लो-अप'मध्ये त्याने असाच एक फोटोग्राफर केला होता, जो आपल्याच फोटोत नकळत टिपलेला खून शोधत फोटो मोठा मोठा करत जातो, इतका की शेवटी नुसते ठिपके उरतात. आर्जेन्तोने तोच नट घ्यावा यात फार अर्थ आहे. तिथे डोळ्यांना न दिसलेलं कॅमेऱ्याने पाहिलं होतं. इथे डोळ्यांनी पाहिलेलं मनाने झाकून ठेवलंय.

आणि खरी गोष्ट ही की आर्जेन्तो फसवत नाही. त्या कॉरिडॉरमध्ये मार्कस जे पाहतो ते पडद्यावर आहे. तुम्हाला आणि मला ते पहिल्याच वेळी, चित्रपटाच्या सुरुवातीच्या भागातच, उघड्यावर दाखवलेलं आहे. काय आहे ते मी इथे सांगणार नाही, कारण ज्यांनी पाहिला नाही त्यांचा तो हक्क आहे. पण रहस्यकथेत लेखक वाचकाशी एवढा प्रामाणिक राहिलेला मी दुसरीकडे क्वचितच पाहिलाय.

नवी डिस्क माझ्याकडे आली २०२२ च्या पावसाळ्यात. अ‍ॅरो व्हिडिओ या ब्रिटिश कंपनीने २०१६ साली मूळ निगेटिव्हवरून ४के पुनर्संचयन केलेली, म्हणजे जुनी फिल्म बारीक तपशिलात नव्याने उतरवून दुरुस्त केलेली, ब्लू-रे काढली होती, तेव्हापासून माझा जीव तिच्यात होता. पण ब्रिटनची ब्लू-रे 'बी' विभागात येते आणि भारत 'सी' विभागात, आपल्या प्लेअरवर ती चालत नाही. २०२१ मध्ये त्यांनीच ४के अल्ट्रा एचडी डिस्क काढली. या नव्या प्रकारच्या डिस्कना विभागाचं कुलूप नसतं. लंडनला राहणाऱ्या मावसभावाने ती बॅगेत घालून आणली आणि भाच्याच्या प्लेस्टेशनवर ती लागली. दोन्ही आवृत्त्या त्यात आहेत, लांब आणि कापलेली. ज्या हातांनी कापलं आणि ज्या हातांनी जोडलं, दोन्हींचं काम शेजारी शेजारी ठेवलेलं.

इथे थोडं तांत्रिक सांगायलाच हवं, कारण माझ्या त्या तपकिरी लालाचं कारण त्यात आहे. हा चित्रपट 'टेक्निस्कोप' पद्धतीने चित्रित झाला. ही पद्धत टेक्निकलरच्या इटलीतल्या शाखेने १९६० च्या सुमाराला काढली. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर एका चौकटीची उंची फिल्मच्या कडेच्या चार छिद्रांएवढी असते. टेक्निस्कोपमध्ये ती दोनच छिद्रांची. म्हणजे एका रिळात दुप्पट वेळ चित्रीकरण होतं, फिल्मचा खर्च निम्म्यावर येतो, आणि महागडी खास भिंगं न वापरताही रुंद पडदा मिळतो. इटलीतल्या वेस्टर्नपटांनी ही पद्धत मनसोक्त वापरली. पण फुकट काही मिळत नाही. चौकट निम्मी, म्हणजे फिल्मवरचे दाणे पडद्यावर दुप्पट ठसठशीत. त्यातून थिएटरसाठी प्रिंट काढताना ते छोटं चित्र ताणून पुन्हा छापावं लागायचं. मग त्या प्रिंटची प्रत, प्रतीवरून व्हिडिओ कॅसेट, कॅसेटवरून सीडी. प्रत्येक पायरीवर थोडं चित्र झिजलं, थोडा अंधार वाढला. माझ्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्यावर किती थर चढले होते याची कल्पना करा.

पुनर्संचयनात हे सगळे थर ओलांडून थेट मूळ निगेटिव्हपाशी जाता येतं. तिथे ते छोटं चित्र चाळीसेक वर्षं तसंच बसलेलं होतं. मधल्या प्रतींनी जे गमावलं ते निगेटिव्हने गमावलं नव्हतं. दाणे अजूनही दिसतात, आणि दिसायलाच हवेत. काही कंपन्या चकचकीत करण्याच्या नादात दाणे पुसून टाकतात, मग माणसांची कातडी मेणाची होते. तो प्रकार मला अजिबात सहन होत नाही. इथे तसं केलेलं नाही. कॅमेरामन लुईजी कुवेइलेरने टिपलेलं लोकरीचं पोत, चामड्याचे काळे हातमोजे, डोळ्यात काजळ भरतानाचा क्लोज-अप, काळ्या पृष्ठभागावर मांडलेली खेळणी आणि गोट्या, ज्यावरून कॅमेरा मुंगीसारखा सरकत जातो, हे सगळं हाताला लागेल असं झालंय. ते काळे हातमोजे घातलेले हात आर्जेन्तोचे स्वतःचे आहेत. आणि लाल! सुरुवातीलाच मार्ग काढत कॅमेरा जेव्हा थिएटरच्या लाल पडद्यांमधून आत शिरतो, तेव्हा मी नकळत सोफ्यावर पुढे सरकले. तो लाल ओल्या कुंकवाचा होता.

त्या वेळी आत्या आमच्याकडे होती, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मिरजेहून आलेली. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीनेक आठवडे झाले होते. पट्टी निघाल्यापासून ती घरभर फिरून रंग बघत होती. माझ्या स्वयंपाकघराच्या टाइल्स पिवळट आहेत असं तिला इतकी वर्षं वाटायचं, त्या पांढऱ्या निघाल्या. तिची निळी साडी तिला नवीन वाटली. डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं होतं की भिंग गढूळ होत जातं तसं सगळ्या जगावर पिवळं-तपकिरी झाक येत जाते, आणि ते इतकं हळू होतं की माणसाला कळत नाही. मी डिस्क लावली तेव्हा ती सहज येऊन बसली. म्हटलं, "आत्या, यात रक्त फार आहे." म्हणाली, "असू दे. ट्रंकेतल्या पुस्तकांत काय दूध होतं?"

मी इटालियन भाषा आणि इंग्रजी सबटायटल्स लावली होती. पाचेक मिनिटांत आत्या म्हणाली, "ती अक्षरं फार पळतात गं, आणि जवळचा चष्माही नाही अजून मिळाला. मी आपली चित्रंच बघते. मध्ये मध्ये सांग काय चाललंय ते." मग मी वाचत राहिले आणि ती बघत राहिली.

खून झाला. मार्कस जिन्याने धावला. कॉरिडॉर. चेहरे. मी त्या वेळी श्वास धरून होते, कारण मला माहीत होतं कुठे बघायचं. आणि तेवढ्यात आत्या अगदी सहज, बडीशेप तोंडात टाकताना म्हणावं तशी म्हणाली, "अगं, त्या चित्रांत कोणीतरी उभं होतं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. पाच मुलींनी, दहा तरुण डोळ्यांनी जे पाहिलं नव्हतं, ते तिने एका फटक्यात पाहिलं होतं. मी काही बोलले नाही. होयही नाही आणि नाहीही नाही. तिनेही विचारलं नाही. पण पुढचे दोन तास ती मार्कसच्या बरोबर नव्हती, त्याच्या पुढे होती. त्याची तगमग ती जरा कणवेने बघत होती, जशी ती पन्नासाव्या पानानंतर पुस्तकांतल्या गुप्तहेरांकडे बघत असावी.

तो चौक तुरीनमधला आहे. कथेतलं शहर रोम, पण चित्रीकरण बरंचसं तुरीनला झालंय, त्यामुळे हे शहर नकाशावर कुठेच सापडत नाही. चौकाचं नाव पियाझ्झा सीएलएन, राष्ट्रीय मुक्ती समितीच्या आद्याक्षरांवरून. दुसऱ्या महायुद्धात याच चौकातल्या हॉटेलात गेस्टापोचं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचं, ठाणं होतं. दोन कारंजी आहेत, पो आणि दोरा या तुरीनच्या दोन नद्यांची. पो हा दाढीवाला, आडवा रेललेला धिप्पाड पुरुष, आणि त्याच्या पायाशी मार्कस आणि कार्लो मुंग्यांएवढे. बाजूला आर्जेन्तोने एक अख्खा बार उभा केला, अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरच्या रात्रीच्या उपाहारगृहाच्या प्रसिद्ध चित्रावरून. काचेआडची माणसं जवळजवळ हलत नाहीत. माझ्या व्हीसीडीत तिथे एक पिवळा चौकोन होता. आता कळलं की खून दिसण्याआधीच आपण एका चित्रात उभे आहोत, आणि त्यात माणसं चित्रासारखी स्थिर आहेत. कॉरिडॉरसाठी आपले डोळे इथेच तयार केले जातात, आपल्याला पत्ता लागू न देता.

आता त्या बावीस मिनिटांबद्दल. त्यांत खून नाहीत. जे गेलं त्यात मोठा वाटा जान्ना आणि मार्कसच्या प्रसंगांचा होता. जान्ना ब्रेझी ही वार्ताहर. दारिया निकोलोदीने ही भूमिका अशी केलीय की तिच्याशिवाय या चित्रपटाला छातीचा ठोकाच नाही. तिची एक मोडकी फियाट ५०० आहे. शेजारची सीट बसताक्षणी खाली खचते, त्यामुळे मार्कस तिच्या खांद्याखाली बसून, मान वर करून बोलतो. दार उघडत नाही, वरच्या छतातून चढून बाहेर पडावं लागतं. तो सांगतो की बायका नाजूक असतात, ती म्हणते चल, पंजा लढव, आणि त्याला हरवते. पुन्हा हरवते. विकणाऱ्यांना वाटलं असेल, खुनाच्या सिनेमात हे कशाला? पण हे काढलं की मार्कस नुसता धावणारा माणूस उरतो. त्याला स्वतःबद्दल जे ठाम वाटतं ते किती वेळा चुकीचं निघतं, हे दाखवणारे प्रसंग हेच आहेत. ज्याला समोर बसलेली बाई नीट दिसत नाही त्याला भिंतीवरचं काय दिसणार? 'मधलं तुटक आहे' म्हणून मी ज्याला नावं ठेवत होते, ती तूट कात्रीने पाडली होती.

निकोलोदी नोव्हेंबर २०२० मध्ये गेली. ही डिस्क त्यानंतर वर्षभराच्या आत आली. फियाटच्या स्टिअरिंगवर वाकून ती हसते तेव्हा मला ते आठवत होतं.

काही दिवसांनी मी एकटीने लांब आवृत्ती इंग्रजीत लावून पाहिली, आणि एक गोष्ट घडली ती मला फार भिडली. त्या काळी इटलीत सगळा आवाज नंतर भरायचे. सेटवर कोणी इंग्रजी बोलायचं, कोणी इटालियन, मग स्टुडिओत दोन्ही भाषांचे आवाज चढवायचे. इंग्रजी आवाज फक्त कापलेल्या आवृत्तीसाठीच टिकून आहे. त्यामुळे डिस्कवर लांब आवृत्ती इंग्रजीत बघताना हेमिंग्ज आपल्या इंग्रजी आवाजात बोलत असतो, आणि मध्येच एका वाक्यानंतर एकदम दुसऱ्याच कोणाच्या आवाजात अस्खलित इटालियन बोलायला लागतो. खाली सबटायटल्स उगवतात. थोड्या वेळाने पुन्हा इंग्रजी. सुरुवातीला दचकायला होतं. मग कळतं की भाषा बदलली तिथे कात्री चालली होती. कुठे एक अख्खा प्रसंग, कुठे दोनच वाक्यं. जुन्या भांड्याला कल्हईवाल्याने लावलेला डाग दिसावा तसा प्रत्येक सांधा ऐकू येतो. ज्यांनी डिस्क केली त्यांना हे टाळता आलं असतं, आजच्या कलाकारांकडून इंग्रजी आवाज भरून घेता आले असते. त्यांनी तसं केलं नाही याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

खुनांबद्दलही बोललं पाहिजे. ते भयंकर आहेत, आणि स्वच्छ चित्रात अधिक भयंकर. आर्जेन्तो आणि झाप्पोनीने ठरवून अशी दुखणी निवडली जी प्रत्येकाच्या अंगाला माहीत आहेत. गोळी लागल्याचं दुःख कोणाला ठाऊक असतं? पण उकळतं पाणी अंगावर सांडणं, दात टेबलाच्या कोपऱ्यावर आपटणं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे आपण पडद्यावरच्या माणसासाठी न कळवळता आपल्याच हिरड्यांसाठी कळवळतो. ही युक्ती म्हणून मला थोर वाटते, आणि तरी काही ठिकाणी कॅमेरा नको तितका वेळ रेंगाळतो असंच माझं आजही मत आहे. एक लहान मुलगी सरड्याला टाचणीने टोचते तो प्रसंग मी या वेळीही पूर्ण पाहिला नाही. आत्याने पाहिला आणि म्हणाली, "हिला कोणीतरी रागवायला हवं होतं. रागवलं आणि पुन्हा तेच केलं तर मग खरी काळजी."

संगीत ऐकताना मात्र ती एकदम शिक्षिका झाली. जॉर्जिओ गास्लिनी या जॅझ संगीतकाराला आधी काम दिलं होतं, पण त्याचं सगळंच आर्जेन्तोला रुचलं नाही आणि त्याने 'गोब्लिन' या तरुण पोरांच्या बँडला बोलावलं. क्लाउदिओ सिमोनेत्तीच्या बोटांतून ती धून आली, पुन्हा पुन्हा स्वतःभोवती फिरणारी, आणि मग अचानक चर्चमधल्या ऑर्गनचा गडगडाट. इटलीत त्या रेकॉर्डने विक्रीच्या यादीत पहिलं स्थान गाठलं. आत्या मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होती. "हे सरळ नाहीये. एक पाऊल कमी टाकून परत सुरू करतायत. म्हणून अस्वस्थ वाटतं." पण तिला जास्त लागली ती दुसरी गोष्ट: खून करण्याआधी खुनी टेपवर वाजवतो ते लहान मुलांचं ला-ला-ला, गास्लिनीचं. ती म्हणाली, "हे कोणासाठी लावतंय ते बघ. मरणाऱ्यासाठी नाही लावलेलं, स्वतःसाठी लावतंय." मी सबटायटल्स वाचत होते. तिच्याजवळ वाचायला काही नव्हतं, म्हणून तिने हे ऐकलं.

आणखी एका जागी मी डिस्क थांबवली. एका लेखिकेचा खून बाथरूममध्ये होतो, कढत पाण्यात. मरता मरता ती वाफेने धुरकटलेल्या भिंतीवर बोटाने काहीतरी लिहिते. वाफ जाते, अक्षरं जातात. नंतर एक प्राध्यापक तिथे येतो, त्याला शंका येते, तो गरम पाण्याचा नळ सोडून देतो. बाथरूम वाफेने भरतं आणि बोटाच्या खुणा पुन्हा उमटायला लागतात. मला डार्करूममधल्या ट्रेची आठवण झाली, कोऱ्या कागदावर हळूहळू चेहरा येतो तशी. जुन्या प्रतीत मला इथे फक्त पांढरा धूर दिसला होता, प्राध्यापकाला काय सापडलं ते संवादावरून समजून घेतलं होतं. आता बोट कुठे टेकलं, कुठे घसरलं, ते दिसलं.

आणि कार्लोच्या आईचं घर. मार्कस कार्लोला शोधत तिथे जातो. म्हातारी बाई, एके काळची नटी, भिंतभर स्वतःचे जुने फोटो. ती मार्कसला सारखी इंजिनिअर समजते, तो सांगतो मी पियानो वाजवतो, ती पुन्हा इंजिनिअर म्हणते. ही भूमिका क्लारा कालामाईने केलीय, १९४० च्या दशकातली मोठी तारका, दिग्दर्शक व्हिस्कोन्तीच्या १९४३ च्या 'ओस्सेस्सिओने'ची नायिका. भिंतीवरचे फोटो तिचे खरेच आहेत, तिच्याच चित्रपटांच्या काळातले. व्हीसीडीत ते करडे चौकोन होते. आता एकेक फोटो दिसतो, त्यातली भुवई, ओठ, तो सगळा रुबाब, आणि त्याच चौकटीत त्याच चेहऱ्याची आजची बाई. इटलीतल्या १९७५ च्या प्रेक्षकाला हा प्रसंग कसा लागला असेल ते मला आता थोडं कळतं. आत्याला तिचं नाव माहीत असायचं काही कारण नव्हतं. तरी ती म्हणाली, "ही खरीच कोणीतरी होती वाटतं. खोटे फोटो असे काढत नाहीत."

ओसाड बंगलाही खरा आहे. तुरीनच्या टेकडीवरचा व्हिला स्कॉट, पिएत्रो फेनोल्यो या वास्तुरचनाकाराने १९०२ मध्ये बांधलेला, वेलबुट्टीच्या वळणांचा, काचेच्या सज्जांचा. चित्रीकरणाच्या वेळी तो ओसाड नव्हता, तिथे नन चालवत असलेलं मुलींचं वसतिगृह होतं. चित्रपटाच्या मंडळींनी त्या सगळ्यांना आपल्या खर्चाने रिमिनीच्या समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीला पाठवलं. हे वाचल्यापासून तो बंगला पडद्यावर आला की मला वाळूत खेळणाऱ्या त्या मुली दिसतात. त्यांच्या रिकाम्या खोल्यांत हेमिंग्ज एकटा कंदील घेऊन फिरतोय, भिंती ठोकून बघतोय.

मग तो गिलावा खरवडायला लागला. आत्या पुढे वाकली. चित्र वर आलं, मार्कस दचकला, निघाला. "थांब रे," आत्या पडद्याला म्हणाली. तो थांबला नाही. तुकडा पडला. आत्याने मान हलवली आणि पुन्हा मागे टेकून बसली.

चित्रपटाच्या शेवटी मार्कस खाली वाकून बघतो आहे. खाली रक्ताचं थारोळं आहे आणि त्यात त्याचा चेहरा. त्या चेहऱ्यावरूनच श्रेयनामावली सरकते. कापलेल्या, कोमेजलेल्या प्रतीत हे फक्त शेवटाचं काळं चित्र होतं. इथे थारोळ्याचा पृष्ठभाग किंचित हलतो आणि त्याचे डोळे स्पष्ट दिसतात. मी रिमोट उचलला, तर आत्या म्हणाली, "राहू दे. नावं जाऊ देत सगळ्यांची." आम्ही सगळी नावं जाऊ दिली. बाहेर पाऊस थांबला होता, खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"आता तो कॉरिडॉर परत लाव," ती म्हणाली.

मी मागे गेले. जिना, दार, चेहरे. "हळू," ती म्हणाली. प्लेस्टेशनवर एक एक चौकट पुढे सरकवता येते, ते तिला दाखवलं आणि रिमोट तिच्या हातात दिला. ती उठून टीव्हीजवळ गेली, चष्म्याशिवाय, नव्या डोळ्यांनी, आणि अंगठ्याने एकेक चौकट पुढे ढकलू लागली.